साळवे सिस्टर आणि देखरेखीचे दहा दिवस

बेलापुरात कुणाला कुत्रं चावलं की तोंडात पहिलं नाव यायचं ते साळवे सिस्टरचं. लंकाबाई साळवे. सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं नोकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. पण इंजेक्शनचा टेबल म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे अजून त्याच उभ्या राहतात. उंच, हाडापेरानं दणकट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की बाहेर रसवंतीवर उभ्या असलेल्या माणसाला आत कुणाला काय झालंय ते कळावं.

"तिखट कुनी लावलं ह्या जखमेला?"

"आजीनं, सिस्टर."

"भाजी हाय का ती? धू आधी. साबनानं, नळाखाली. पंधरा मिन्टं घड्याळ लावून."

मग सुई टोचायची आणि टोचण्याआधी सांगायचं, "आता टोचतीय बरं का." पोर असो की पैलवान, न सांगता त्यांनी कधी कुणाला सुई लावली नाही. शेवटी दरवाज्यापर्यंत जाऊन बजावायच्या, "त्या कुत्र्यावर दहा दिवस ध्यान ठेवा. बांधून घाला, खायला द्या, मारू नका. काय वेगळं दिसलं तर मला येऊन सांगा." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन त्या कुत्र्याला दगड मारून गावाबाहेर हाकलायचे. दहा दिवस ध्यान ठेवलेला माणूस त्यांना अख्ख्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला.

नोकरीला लागल्या तेव्हा तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लागायची. त्या काळी ऊसतोडीला आलेली, कुत्रं चावलेली आक्काबाई नावाची एक बाई चार सुया घेऊन गेली आणि परत आलीच नाही. आली ती दीड महिन्यानं, बैलगाडीत निजून. लंकाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि त्या पाण्याकडे बघून तिच्या गळ्याचं जे झालं, ते त्यांनी पुढे कुणालाही नीट वर्णन करून सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या हातात बाराही महिने एक लांब दांड्याची काळी छत्री आली. समोरून कुत्रं दिसलं की छत्री पुढे आणि सिस्टर मागे. कुत्र्यांची आणि त्यांची सगळी ओळख दातांच्या खुणांवरून झालेली.

त्यांचे मालक काकासाहेब मूळचे श्रीगोंद्याकडच्या काष्टीचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, बोलणं कमी, हसणं मिशीतल्या मिशीत. काष्टीला त्यांचं लहानपण कुत्र्यांच्या संगतीतच गेलेलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एकदा ते डब्याच्या पिशवीत घालून एक पिल्लू घरी घेऊन आले होते. लंकाबाई दारातच उभ्या राहिल्या. "एक तर हे राहील, न्हाई तर मी." काकासाहेब आल्या पावली माघारी फिरले, पिल्लू जिथून आणलं तिथं देऊन आले आणि जेवायला बसले. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

निवृत्तीनंतरचा पहिला महिना झोप काढण्यात गेला, दुसरा डबे घासण्यात. मुलगा योगेश पुण्याला, सून दीपा तिथंच एका कंपनीत. दर रविवारी फोन यायचा. बाकी दिवस घरात मिक्सरचा काय आवाज होईल तेवढाच. लंकाबाई टीव्हीपुढे बसायच्या आणि टीव्हीत काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. रक्तातली साखर दोनशे सत्तरवर गेली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. चालायचं कुठं? कॅनॉलच्या रस्त्याला दहा-बारा कुत्र्यांचं टोळकं. मग त्यांनी अंगणातच वांग्यांच्या वाफ्याभोवती साठ फेऱ्या घालायला सुरुवात केली. आठव्या दिवशी चक्कर आली आणि फेऱ्या थांबल्या.

काकासाहेबांना खरी काळजी वेगळीच होती. ती त्यांनी योगेशला फोनवर सांगितली. "साखरेचं काय, गोळी हाय. पन वर्ष होत आलं, तुझ्या आईनं कुनालाच झापलं न्हाई रे. मला पन न्हाई."

अशातच एका सकाळी रेश्मा दारात आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खांद्याला बॅग, पायात गमबूट, गमबुटाला चिखल.

"ओळखलं का सिस्टर? मी बनकरांची रेश्मा. मला पोलिओचे थेंब तुम्हीच पाजलेत."

"थुकून टाकलेस तू. परत पाजायला लागले. बस."

रेश्मानं जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा केला होता आणि श्रीरामपूर रस्त्याला मामाच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ती टाकून दिलेली, गाडीखाली आलेली कुत्री-मांजरं सांभाळत होती. चाळीसेक कुत्री, सात-आठ मांजरं, वीटभट्टीवरून सुटलेलं एक म्हातारं गाढव. दर रविवारी अजिनाथ डॉक्टर येऊन रस्त्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस देणार होते. पण लस थंड ठेवायची, सिरींज भरून द्यायच्या, कुणाला दिली ते लिहायचं, यासाठी तिला सवयीचं माणूस पाहिजे होतं.

"मी आनि कुत्र्याला हात लावीन?" लंकाबाई म्हणाल्या. "नाव घेऊ नको."

"हात लावायचाच नाही. टेबलाच्या ह्या बाजूला तुम्ही, त्या बाजूला कुत्री. एका कुत्र्याला लस दिली तर तुमच्या दवाखान्यातली किती माणसं कमी होतील, तुम्हीच सांगा."

लंकाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "बर्फाचा डबा कसला हाय तुझ्याकडं? थर्माकोलचा असंल तर मी यायची न्हाई."

रविवारी त्या गेल्या, छत्री घेऊन. शेडच्या दारापाशी आंब्याखाली टेबल मांडला, लसीचा डबा उजव्या हाताला ठेवला, वही उघडली आणि पहिल्या दहा मिनिटांत रेश्माला तीन वेळा आणि अजिनाथ डॉक्टरांना एकदा झापलं. वापरलेली सुई परत टोपणात घालू नका, म्हणून. संध्याकाळी घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या.  पुढच्या रविवारी काकासाहेबांनी न विचारता छत्री दारापाशी काढून ठेवली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी टेबलाखाली काहीतरी आहे असं लंकाबाईंना जाणवलं. वाकून बघतात तर एक कुत्री. तांबूस-पांढरी, बऱ्याच वेतांची, पोट ओघळलेलं, मागचा एक पाय ताठ, थोबाडावरचे केस पांढरे झालेले. लसीच्या डब्याखाली गार पाणी ठिबकत होतं, त्या ओल्या जागेत ती पोट टेकून पडली होती.

"रेश्मा! काढ हिला."

"अहो, देवळी आहे ती. काही करत नाही." रेश्माकडे जनावरांना सापडल्या जागेची नावं असत. ही देवळाली फाट्यावर सापडली म्हणून देवळी. "उन्हाचं तिला सोसत नाही. पडू द्या की."

लंकाबाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि तीन तास तसंच बसून वही लिहिली. पुढच्या रविवारी देवळी परत तिथंच. त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी ती दिसली नाही, तेव्हा लंकाबाईंनी सिरींज भरता भरता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती गार जागेवाली कुठं गेली?"

"शिर्डीकडच्या एका कुटुंबानं दत्तक नेली. लॉज आहे त्यांचं." रेश्माच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "एवढ्या वयाचं कुत्रं कुणी नेत नाही, सिस्टर. सगळ्यांना पिल्लू पाहिजे असतं."

नवव्या दिवशी ते लोक देवळीला परत आणून सोडून गेले. लंकाबाई त्या दिवशी वही पुरी करायला म्हणून शेडवर आल्या होत्या. पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले, दोरी रेश्माच्या हातात दिली आणि म्हणाले, "भुंकतच नाही हो. दिवसभर नुसती पडून असते. काय करायची अशी?" गाडी वळून गेली. देवळी गाडीमागं धावली नाही की ओरडली नाही. ताठ पाय ओढत शेडच्या फाटकापाशी गेली आणि आत जायची वाट बघत उभी राहिली. आतली तरणी कुत्री फाटकावर झेपावत होती. देवळीच्या कानाची पाळी अशीच त्यांच्यातल्या कुणीतरी फाडलेली.

"हिला आता परत ह्यांच्यात सोडायची म्हणजे..." रेश्माला रडू फुटलं.

"रडू नको. डोळं पूस," लंकाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिल्या. "आठ दिवस नेते मी. आठच. तवर हिची वेगळी जागा कर."

काकासाहेब वांग्यांना पाणी घालत होते. फाटकातून आधी एक कुत्री आली, मग लांब दोरी, मग दोरीचं टोक दोन बोटांत धरलेल्या लंकाबाई. काकासाहेबांच्या हातातली झारी तशीच राहिली आणि चप्पल भिजली.

"काय बोलू नका," लंकाबाई म्हणाल्या.

"मी कुठं काय बोललो?" असं म्हणून ते मोरीकडे वळले, आणि तिथं उभं राहून त्यांनी तोंडावर दोनदा पाणी मारलं.

सकाळ-संध्याकाळ कुत्रीला बाहेर न्यायला लागतं हे लंकाबाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं. काकासाहेबांचा गुडघा दुखत होता. निदान ते तसं म्हणाले. मग निघाली वरात कॅनॉलच्या रस्त्यानं. पुढं देवळी, मागं छत्री, त्यामागं सिस्टर. टोळक्यातली कुत्री गुरगुरत आली, देवळी जागेवर थांबली, त्यांनी हुंगलं, तिनं हुंगून घेतलं, आणि टोळकं बाजूला झालं. लंकाबाईंची छत्रीवरची मूठ सुटली नव्हती. पण पाय पुढे पडत होते. देवळीच्या ताठ पायामुळे चाल हळू, म्हणून त्यांनाही दम लागत नव्हता. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. वाटेत रंगुबाई दूधवाली थांबली, "सिस्टर, तुमी? आनि कुत्री?" म्हणाली, आणि मग विषय निघून तिनं आपला सुजलेला पाय दाखवला. असं रोज कुणी ना कुणी थांबायचं. वर्षभर घरात बसलेल्या बाईला आपल्या गावात कोण आजारी आहे, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेत, हे परत कळायला लागलं.

आठ दिवसांचे बारा झाले. तेराव्या दिवशी ते घडलं.

दुपारची वेळ. देवळी ओट्यावर गाढ झोपलेली. लंकाबाईंना तिच्या फाटक्या कानात एक टच्च फुगलेली गोचीड दिसली. जखम, गोचीड, काटा असलं काही दिसलं की त्यांच्या हाताला चैन नसतं. आतून चिमटा आणला, वाकल्या आणि कान धरला.

देवळी झोपेतच वळली. दात थेट अंगठ्याखालच्या मांसात. पापणी लवायच्या आत सगळं झालं. देवळी उठली, समोर कोण आहे ते तिनं बघितलं आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन अंग चोरून बसली. तिचं अंग लटलट कापत होतं.

लंकाबाई सरळ नळाकडे गेल्या. "अहो, घड्याळ घेऊन या. पंधरा मिन्टं."

काकासाहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. त्यांचा रंग उडाला होता. मोरीत लालसर पाणी वाहत होतं.

"चूक माझी हाय," लंकाबाई साबण चोळत म्हणाल्या.

"आता बोलू नको, लंका."

"तेहेतीस वर्षांत एका मानसाला न सांगता सुई टोचली न्हाई मी. आनि झोपलेल्या मुक्या जनावराच्या कानात चिमटा घातला. मला चावंल न्हाई तर काय करील?"

दवाखान्यात रांग होती. लोकांनी त्यांना पुढं जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत, रांगेतच थांबल्या. रांगेतल्या बायका पदराआड हसत होत्या आणि लंकाबाईंनाही ते दिसत होतं. टेबलावर सृष्टी होती, त्यांनीच शिकवून तयार केलेली नवी नर्स. सिस्टरचा हात बघून तिचाच हात कापायला लागला.

"कोपर टेकव टेबलाला," लंकाबाई म्हणाल्या. "हां. आता सांग मला."

"टोचतेय बरं का, सिस्टर."

जखमेभोवतीचं इंजेक्शन फार दुखलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या माणसांना आपण हे दुखणं दिलंय, हे त्यांना पहिल्यांदा आतून कळलं. सृष्टीनं कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या आणि सवयीनं म्हणाली, "आणि कुत्र्यावर दहा दिवस..." मग जीभ चावून गप्प झाली.

"थांबलीस का? पुढं बोल."

"लक्ष ठेवा, सिस्टर."

घरी पोचेपर्यंत बातमी पुण्याला गेली होती. योगेश फोनवर ओरडत होता. "आजच्या आज परत सोड ती कुत्री! तुझं वय काय, शुगर किती, आणि तू..." रेश्मा तर स्कूटरवरून रडतच आली. तिनं आधी देवळीच्या कानातली गोचीड काढली, मग दोरी हातात घेतली. "मी नेते हिला, सिस्टर. माझंच चुकलं."

"दोरी ठेव खाली."

"पण..."

"हिला लस टोचलेली हाय, ते मला म्हाईत हाय. मीच भरून दिलेली ती सिरींज. तरी नियम तो नियम. जन्मभर दुसऱ्याला सांगितलं, दहा दिवस बांधून ठेवा, ध्यान ठेवा, मारू नका. आता माझ्यावर आलं तर हाकलून देऊ?"

जुन्या नोकरीतली एक कोरी वही त्यांनी ट्रंकेतून काढली. पेरूच्या झाडाला लांब दोरीनं देवळीला बांधलं, दहा हातांवर खुर्ची टाकली आणि लिहिलं : दिवस पहिला. संध्याकाळी दुधात अर्धी भाकरी. चाल नेहमीसारखी. लाळ नाही. पाणी प्याली.

पाण्याकडे त्यांचं सगळ्यात जास्त ध्यान होतं. देवळी भांड्यावर वाकली, तिच्या जिभेचा लपलप आवाज यायला लागला, की त्या खुर्चीत जरा मागं टेकायच्या. दिवसात सहा-सात वेळा असं व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून तर भांडं अर्धं झालं की उठून स्वतःच भरायला लागल्या.

दहा हातांवरून दिवसभर एखाद्या जिवाकडे बघत बसायचं, म्हणजे तो जीव कळायलाच लागतो. देवळी झोपताना पुढचा एक पाय दुसऱ्यावर टाकते. खारीकडे नुसती बघते, उठत नाही. दुधाची गाडी आली की शेपूट दोनदा आपटते, पोस्टमनला एकदा. तिसऱ्या दिवशी लंकाबाई दवाखान्यातून दुसरी सुई घेऊन आल्या तेव्हा देवळी दोरी ताणून उभी होती. त्या आत गेल्यावर बसली. चौथ्या दिवशी काकासाहेबांनी चप्पल झटकायला म्हणून हात वर केला आणि देवळी जमिनीला चिकटून सपाट झाली, डोळे गच्च मिटून. दोघंही नवरा-बायको बघत राहिले. काकासाहेबांनी चप्पल हळूच खाली ठेवली. लंकाबाईंनी वहीत लिहिलं : चपलेला भिते. दवाखान्याच्या नियमात असल्या नोंदीला जागा नव्हती, म्हणून ओळ समासात लिहिली.

पाचव्या दिवशी सकाळी देवळीनं भाकरीला तोंड लावलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. लंकाबाई खुर्चीतून उठल्या. खायचं सोडणं हे पहिलं लक्षण, हे त्यांनीच शंभर जणांना सांगितलेलं. रेश्माला फोन लावायला म्हणून आत आल्या तर काकासाहेब मागच्या दारानं पेरूकडे चाललेले, बंडीच्या खिशातून बिस्किटांच्या पुड्याचं टोक बाहेर.

"किती दिलेत?"

"दोनच."

"किती दिलेत म्हनते मी!"

"पुडा... म्हंजे दीड."

मग जे सुरू झालं ते शेजारच्या चार घरांत ऐकू गेलं. माझा जीव जायची वेळ आली, ह्या वयात अक्कल कुठं ठेवता, कुत्र्याला साखर देतात का, आणि तुमाला तरी एवढी बिस्किटं कुनी आनून दिली? रंगुबाई दुधाचं भांडं घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. काकासाहेब खाली मान घालून सगळं ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. वर्ष-सव्वा वर्षानं घरात तो आवाज चढला होता.

सहाव्या दिवशी खुर्ची सहा हातांवर आली, सातव्या दिवशी चार. आठव्या दिवशी लंकाबाई पेपर वाचत होत्या, तेव्हा देवळी उठली, दोरी पुरेल तिथवर आली आणि हनुवटी त्यांच्या पायावर टाकून पडली.  लंकाबाईंचा चावा बसलेला अंगठा ठणकला. पाय ओढून घ्यावा असं वाटलं, पण ओढला नाही. थोड्या वेळानं कुत्रीचा ऊन ऊन श्वास घोट्याला लागायला लागला, मग ती घोरायला लागली. पाऊण तासानं काकासाहेब आले, तेव्हा सिस्टरचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता.

"मला जरा धरा," त्या कुजबुजल्या. "पन आधी तिला हाक मारून उठवा. अंगाला हात न लावता."

दहाव्या दिवशी सकाळीच योगेश आणि दीपा गाडी घेऊन आले. योगेशनं येताना मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून आणली होती. "दहा दिवस झाले ना आई? चल, सोडून येऊ."

"संध्याकाळी. दिवस पुरा होऊ दे."

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख टाकली. देवळीला नाव घेऊन हाक मारली, मग दोरी सोडली. स्वतः मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसल्या.  दीपा आरशातून मागं बघत होती. देवळीचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

शेडपाशी रेश्मा सामोरी आली. तिनं देवळीसाठी कोपऱ्यात वेगळी जाळी करून ठेवली होती, ती दाखवायला लागली.

"जाळी राहू दे," लंकाबाई म्हणाल्या. "तो दत्तकाचा फॉर्म हाय ना तुझ्याकडं, तो आन. आनि पेन चालनारा दे. मागच्या वेळचा चालत न्हवता."

योगेशनं तोंड उघडलं. दीपानं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

त्याला आता दीड वर्ष झालं. देवळी ओट्यावरच असते. जयंतीच्या दिवशी फटाके वाजले की काकासाहेब तिला घेऊन आतल्या खोलीत बसतात आणि रेडिओ मोठ्यानं लावतात. लंकाबाईंची साखर दीडशेच्या आसपास आली. डॉक्टर गोळीचं कौतुक करायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळी तीच हाय. पाय चालाय लागलेत." कॅनॉलच्या रस्त्यावर त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीतून न्यायला सुरुवात केली, पुलाच्या कठड्यावर सकाळी पाच-सहा म्हाताऱ्या बायका त्यांची वाट बघत बसलेल्या असतात. लस देताना आता कुत्र्याचं डोकं धरायला त्याच पुढं होतात आणि "टोचतीय बरं का" हे कुत्र्यालाही सांगतात. अजिनाथ डॉक्टर आधी हसायचे. मग तेही सांगायला लागले.

रेश्माकडे कुणी जनावर न्यायला आलं की आधी सिस्टरच्या टेबलापुढून जावं लागतं. डाळिंबाच्या बागेवर साखळीला बांधायला कुत्रा पाहिजे म्हणणाऱ्या रामहरी पाटलांना त्यांनी चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं. उलट एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना तीन पायांचा कुत्रा दिला आणि दर पंधरा दिवसांनी दोघांचंही वजन विचारतात.

गेल्या दिवाळीला योगेशनं हळूच विषय काढला. "आई, आम्हालाही एक कुत्रा..."

"फ्लॅटमधी दिवसभर कोन असतं?"

"तसं कुणी नाही, पण..."

"मग न्हाई."

"अगं, मी तुझा मुलगा आहे!"

"म्हनूनच लगेच सांगितलं. दुसऱ्याला बसवून सांगते."

योगेशला ते लागलं. दोन दिवस तो आईशी तुटक बोलला. पण दीपानं मनावर घेतलं. तिचं काम आता आठवड्यातले चार दिवस घरूनच असतं, हे तिनं सांगितलं आणि कुत्र्याऐवजी मांजर चालेल का ते विचारलं. लंकाबाई म्हणाल्या, आधी येऊन बसा, मग बघू. नवरा-बायको पुण्याहून तीन रविवार आले. शेडमधल्या मांजरांच्या खोलीत नुसते बसून राहिले. तिसऱ्या रविवारी एक थोराड काळा बोका, एका डोळ्यानं अधू, फळीवरून उतरला, दीपाच्या ओढणीवर बसला आणि पंजानं तोंड धुवायला लागला. त्याला शेडवर येऊन दोन वर्षं झाली होती, आणि तो आजवर कुणाजवळ गेला नव्हता.

फॉर्मवर सासूनं सुनेची सही घेतली, मुलाचीही घेतली, दोन्ही नीट वाचून बघितल्या. बोक्याला वेताच्या टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं. गाडी निघाली. वळणापर्यंत गेली आणि थांबली. तेवढ्यात लंकाबाईंचा मोबाईल वाजला.

"आई, तो टोपलीतून निघाला," दीपाचा आवाज घाबरलेला. "योगेशच्या पायापाशी जाऊन बसलाय, क्लचखाली. ओढून काढू का?"

"ओढू नको! हात लावू नको. गाडी बंद करा, काचा वर घ्या अन् गप बसून राहा. त्याचा तो येईल."

"किती वेळ लागेल?"

"मला काय म्हाईत? तुमाला कुठं घाई हाय?"

फोन ठेवून त्या परत टेबलापाशी येऊन बसल्या. पुढचं कुत्रं आलं होतं, काळं, घाबरट, मालकाच्या पायांत शिरणारं. लंकाबाईंनी सिरींज भरली, आता दर रविवारी सोबत येणाऱ्या काकासाहेबांनी थर्मासमधला चहा पेल्यात ओतला. मधून मधून दोघंही वळणाकडे बघत होते. गाडी तिथंच उभी होती, आणि काचेआड दोन माणसं खाली वाकून कुणाची तरी मनधरणी करत होती.